पाटीवरची सरस्वती आणि डावा हात

मूल जन्मल्यावर पाचव्या रात्री आपल्याकडे पूजेच्या पाटाशी एक कोरा कागद ठेवतात. त्याच्या शेजारी बोरू, आणि बोरू मिळेनासा झाल्यापासून टाक, दौत किंवा साधी शिसपेन्सिल. मध्यरात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे प्राक्तन लिहून जाते, असे घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया सांगतात. सकाळी कागद कोराच असतो. परंतु त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पाचव्या रात्री दैव लिहिते आणि पाचव्या वर्षी ते मूल स्वतः लिहू लागते. या दोन पाचांचे आम्हांस नेहमी नवल वाटत आले आहे. पहिल्या लेखनात आपला इलाज चालत नाही. दुसरे लेखन मात्र सर्वस्वी आपल्या हाती असते, आणि म्हणूनच तेथे चुकण्याची धास्ती अधिक.

आज विजयादशमी. आमच्या तुळजापुरात आजची पहाट निराळीच. बुऱ्हाणनगरच्या पालखीतून आई भवानी सीमोल्लंघनास निघते, हळदकुंकवाची उधळण होते, संबळाचा कडकडाट बालाघाटच्या डोंगरकडांवर आपटून परत येतो, आणि मग देवी पलंगावर निद्रेस जाते ती थेट कोजागरीपर्यंत. त्या गर्दीतून, कपाळ आणि उपरणे दोन्ही लाल झालेल्या अवस्थेत, आम्ही घरी येतो तेव्हा ओसरीवर दुसरी पूजा आमची वाट पाहत असते. पाट मांडलेला असतो. पाटावर पोथ्या, शाळेची पुस्तके, झेंडूची फुले, आपट्याची पाने आणि सर्वांच्या पुढे धुऊन पुसून काळीभोर केलेली एक दगडी पाटी. त्या पाटीवर एक या अंकाची सरस्वती काढावयाची असते.

ही सरस्वती ज्यांनी बालपणी काढली आहे त्यांस तिचे वर्णन करून सांगणे न लगे. नव्या पिढीसाठी एवढेच सांगतो की तिला डोळे नाहीत, वीणा नाही, हंस नाही. केवळ १ हा अंक पुनःपुन्हा मांडून, काही सुलटे आणि काही त्यांच्या समोर आरशातल्यासारखे उलटे, अशी एक आकृती उभी करतात. घरोघर तिची ठेवण थोडीफार बदलते. जे मूल अजून काहीच लिहू शकत नाही त्यालाही एक काढता येतो, एक डोके आणि एक शेपटी. आणि तेवढ्या भांडवलावर ते देवी उभी करते. ज्या कोणा पूर्वजाला ही युक्ती सुचली त्याला बालमनाची पारख होती, यात आम्हांस तिळमात्र शंका नाही.

अक्षरारंभास शास्त्राधार कोणता?

एका चौकस गृहस्थांनी मागे आम्हांस विचारले की महाराज, अक्षरारंभास दसऱ्याचा दिवस शास्त्रोक्त आहे काय? प्रश्न रास्त होता. गृह्यसूत्रांत जातकर्म आहे, चौल आहे, उपनयन आहे. परंतु अक्षरारंभ हा स्वतंत्र संस्कार म्हणून तेथे आढळत नाही. तो पुढच्या निबंधग्रंथांत येतो. अपरार्क आणि स्मृतिचंद्रिका हे ग्रंथ मार्कंडेयपुराणाचा हवाला देऊन पाचवे वर्ष सांगतात, आणि काळ सांगतात तो कार्तिक शुद्ध द्वादशीपासून आषाढ शुद्ध एकादशीपर्यंतचा, म्हणजे भगवान विष्णू जागे असतानाचा. या हिशेबाने आश्विनातील दसरा बाहेर पडतो! परंतु साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून लोकांनी हा दिवस धरला, आणि नवरात्रात मूळ नक्षत्रावर आवाहन केलेल्या सरस्वतीचे श्रवणावर विसर्जन होईपर्यंत घरात पुस्तकपूजा चालूच असते, तेव्हा त्याच ओघात मुलाच्या हाती लेखणी देणे स्वाभाविक झाले. शास्त्रापेक्षा लोकाचार बलवत्तर ठरतो, त्याचे हे एक गोड उदाहरण. केरळातही विजयादशमीलाच मुलाचे बोट धरून तांदळात पहिली अक्षरे काढतात. आमच्या मराठवाड्यातील पुष्कळ कुटुंबे गोदावरीकाठच्या बासरला सरस्वतीच्या दर्शनास जातात आणि तेथेच मुलाच्या हाती पाटी देतात.

कौटिल्याने राजपुत्राच्या शिक्षणक्रमात चौलानंतर लिपी आणि संख्या सांगितल्या आहेत. कालिदासाने रघूच्या बालपणाचे वर्णन करताना लिपी शिकण्यास नदीच्या मुखाची उपमा दिली आहे. नदीच्या मुखातून जसे समुद्रात जावे तसा तो बालक लिपीच्या द्वारे वाङ्मयात शिरला, असा त्याचा आशय. उपमा कालिदासाची, तिच्यावर आम्ही काय बोलावे? परंतु एक गोष्ट कीर्तनात आम्ही आवर्जून सांगतो. नदीच्या मुखाशी पाणी उथळ असते, वाळू असते, मुले तेथे खेळतात. कोणी पोराला काठावरून उचलून एकदम समुद्रात भिरकावीत नाही.

धुळाक्षरे

मराठी भाषेने या आरंभाच्या आठवणी किती जपून ठेवल्या आहेत पाहा. एखाद्या कामाचा आपण ‘ओनामा’ करतो, तो ॐ नमः सिद्धम् या जुन्या शाळांतील पहिल्या धड्याचा अवशेष. जैन घरांतही आरंभ त्याच मंत्राने होत असे. आपण ‘श्रीगणेशा’ करतो, तोही पाटीवरूनच उचललेला. कोणाचा ‘कित्ता गिरवतो’. त्यातील कित्ता हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आला आणि गिरवणे आपले. आणि ज्याला विषयात काही कळत नाही तो अजून ‘धुळाक्षरे’ गिरवीत असतो, असे आपण किंचित तुच्छतेने म्हणतो. ती तुच्छता अस्थानी आहे. धूळपाटी म्हणजे लाकडी फळीवर तांबड्या मातीची किंवा विटेच्या भुकटीची पातळ पूड पसरून तयार केलेली पाटी. तिच्यावर बोटाने अथवा काडीने अक्षर काढावे, चुकले तर हात फिरवावा, पुन्हा कोरी. मुलाला पुसण्याची शरम नाही, पालकाला कागदाचा खर्च नाही.

आमचे वडील धूळपाटीवरच शिकले. हा जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. सप्टेंबर १९४८ पर्यंत येथे निजामाचा अंमल चालला. शाळेत उर्दू शिकावी लागे, आणि घरी आजोबा बालबोध लिपी गिरवून घेत. सकाळी उजवीकडून डावीकडे आणि संध्याकाळी डावीकडून उजवीकडे, असे त्यांचे लेखन चाले. यात काही विसंगती आहे असे त्यांस कधी वाटले नाही. दोन्ही लिप्यांतील त्यांचे अक्षर सारखेच वळणदार होते. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात पहिलाच समास लेखनक्रियेस दिला आहे. कागद, शाई, लेखणी, ओळींतील अंतर यांचा इतका बारकाईने विचार एका संतकवीने करावा हे पाहून वडील म्हणत की ज्याला अक्षर नीट काढता येत नाही त्याने ग्रंथ लिहिण्याची घाई करू नये. आम्ही लिहिण्यापेक्षा बोलण्याचा धंदा पत्करला त्याचे कारण सुज्ञ वाचकांच्या ध्यानी आले असेल.

गिरवणे या क्रियेत बोटाला विशेष मान आहे, आणि त्यामागे शरीराचे कारणही आहे. माणसाच्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती हाडे नसतातच, मऊ कूर्चा असते. एकेक करून ती कठीण होत जातात आणि शेवटच्या हाडास दहा-बारा वर्षेही लागतात. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन त्याला चौकोनी रकान्यात ‘अ’ बसवायला लावणे म्हणजे ओल्या मडक्यात पाणी भरण्यासारखे आहे. आमच्या जिल्ह्यातील तेरला संत गोरोबाकाकांचे ठिकाण आहे. तेथील कुंभारांना ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागत नाही. साधारणपणे तीन वर्षांच्या मुलाला उभी रेघ आणि गोल काढता येतो, चार वर्षांच्या आसपास फुली, त्यानंतर चौकोन, आणि त्रिकोण बहुधा पाच वर्षे उलटल्यावर. देवनागरी अक्षरे तरी कशाची झाली आहेत? उभा काना, आडवी शिरोरेघ, अर्धा गोल, एखादी गाठ, एखादी तिरपी रेघ. म्हणूनच अनुभवी शिक्षक वर्णमालेच्या क्रमाने न जाता ग म भ न असा आकाराचा क्रम धरतात. ‘अ’ हा उच्चारायला सर्वांत सोपा आणि लिहायला मात्र अवघड. त्याच्यात गोलाई आहे, तुटक जोड आहे, काना आहे. पाणिनीच्या वर्णक्रमात त्याचा पहिला मान योग्यच. पण हाताचा क्रम निराळा असतो.

हे आमचे मत नव्हे; ज्यांनी त्यासाठी आयुष्य वेचले त्यांचे आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये गरीब वस्तीतील मुलांसाठी बालगृह उघडले. तेथे काचकागदासारख्या खरखरीत कागदाची अक्षरे कापून ती गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटवलेली असत, आणि मुले डोळ्यांनी पाहत, बोटांनी चाचपत, तोंडाने ध्वनी उच्चारत. बाई १९३९ साली भारतात आल्या आणि महायुद्धामुळे येथेच राहून गेल्या. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला हा विचार रुजवला. ताराबाईंनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला, समुद्रकाठच्या खेड्यात, बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते अखेरपर्यंत सांभाळले. महागडी विलायती साधने खेड्यात कोठून आणणार? तेव्हा शंखशिंपले, बिया, पाने, माती हीच साधने झाली. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच मुलाच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी निघाली. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगाव गेला. त्या शब्दाच्या मागे कोसबाडची टेकडी आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

आमच्या गल्लीतील अंगणवाडीच्या ताई ज्वारीच्या परातीत बोट फिरवून घेतात. तांदूळ आमच्या मुलखाचे पीक नव्हे. ज्वारीचा टपोरा दाणा बोटाखाली सरकतो आणि मागे वाट सोडतो. मग अंगणात खडूने हातभर अक्षर काढून त्यावर चिंचोके मांडायचे, मग ओल्या बोटाने पाटीवर पाण्याचे अक्षर, जे उन्हात आपोआप उडून जाते आणि मुले टाळ्या पिटतात, आणि या सर्वांनंतर केव्हातरी खडू आणि पेन्सिल. एकदा ताईंनी जमिनीवरच्या मोठ्या ‘ग’वर मुलांना पावले टाकीत चालायला लावले तेव्हा एका आजींनी हरकत घेतली. अक्षराला पाय लागला तर आपण हात लावून नमस्कार करतो, आणि तुम्ही पोरांना त्यावर चालवता? वाद आमच्याकडे आला. ताईंचा हेतू शुद्ध होता आणि आजींची श्रद्धाही शुद्ध होती. आम्ही सुचवले की जमिनीवर अक्षर न काढता नुसती वळणे काढावीत, गोल, लाट, गाठ, आणि त्यावर चालावे. अक्षर मात्र हातासाठी राखून ठेवावे. दोघींनी ते मानले. क्षुल्लक गोष्ट, परंतु घरातली आजी आणि अंगणवाडीतली ताई एकमेकींवर रुसल्या तर नुकसान मुलाचेच होते.

रंगाविषयी दोन शब्द. बाजारात ठिपक्याठिपक्यांची अक्षरे आणि पोकळ अक्षरे छापलेली रंगवायची पुस्तके ढिगांनी मिळतात. ती वाईट नाहीत. परंतु मूल पोकळ ‘क’मध्ये रंग भरते तेव्हा ते ‘क’ रंगवायला शिकते, लिहायला नव्हे. कारण रंगाला सुरुवात कोठून आणि शेवट कोठे हे नसते. ठिपके जोडतानाही ते शेवटून सुरुवात करील. आधी बोटाने वळण पक्के झाले, मोठ्यांनी डोळ्यांदेखत काढून दाखवले, की मग रंग भरणे म्हणजे त्या अक्षराशी निवांत बसून ओळख वाढवणे होय. आणि रंग विकतचेच हवेत असे कोठे आहे? हळद आहे, कुंकू आहे, गेरू आहे, कपड्यांची नीळ आहे. अंकलिपीतला अननस आमच्या गावच्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या केवळ चित्रात पाहिला. त्यापेक्षा क कवडीचा, प परडीचा, स संबळाचा असे आमच्या तुळजापुरात म्हटले तर मूल चटकन मान डोलावते. कवडीची माळ त्याच्या आजीच्या गळ्यात असते.

आमचा अपराध

इथवर पूर्वरंग झाला. आता जे लिहावयाचे आहे ते लिहिताना लेखणी अडखळते.

१९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे भूकंप झाला. किल्लारीचे नाव जगभर गेले. परंतु आमच्या जिल्ह्यातील सास्तूर आणि आसपासची गावेही त्याच पहाटे जमीनदोस्त झाली. महिनाभरातच दसरा आला. त्याआधी चार दिवस आम्ही सास्तूरच्या बाजूला गेलो होतो, सेवा म्हणून. कीर्तन करण्याजोगी ती वेळ नव्हती. आम्ही धान्याची पोती उतरवली आणि संध्याकाळी पत्र्याच्या निवाऱ्यांपुढे मुलांना जमवून गोष्टी सांगितल्या. पाट्या ढिगाऱ्याखाली गेल्या होत्या. धूळ मात्र मुबलक होती. आम्ही मुलांना धुळीतच अक्षरे काढायला सांगितली. एका पोराचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. त्याने डाव्या हाताच्या बोटाने ‘ग’ काढला, वेडावाकडा, पण ‘ग’च. आम्ही त्याची पाठ थोपटली, सर्वांदेखत शाबासकी दिली. मातीने गाडलेल्या गावात त्याच मातीवर मूल अक्षर काढते, हे पाहून आमचा कंठ दाटून आला होता.

आणि घरी येऊन दसऱ्याच्या दिवशी आम्ही काय केले? आमच्या धाकट्या कन्येला पाचवे लागले होते. पाटापुढे तिला बसवले. तिने डाव्या हाताने पेन्सिल उचलली. आम्ही ती काढून उजव्या हातात दिली. तिने पुन्हा डाव्या हातात घेतली. असे तीन-चार वेळा झाले. पाहुणे बसले होते. पंडिताच्या घरी मुलगी डाव्या हाताने सरस्वती काढते, याची आम्हांस लाज वाटली. आम्ही खांद्यावरचे उपरणे काढले आणि तिचा डावा हात कमरेशी बांधला. ती रडली नाही. तिने उजव्या हाताने एक काढला, दुसरा काढला, तिसऱ्याच्या वेळी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, अण्णा, देवीला आता झोपू द्या.

पुढे वर्षभर, रोज संध्याकाळी अर्धा तास, ते उपरणे कामी आले. ती उजव्या हाताने लिहायला शिकली. अभ्यासात हुशार निघाली, चांगली शिकली, संसारास लागली. परंतु तिने कधी आपण होऊन एक ओळ लिहिल्याचे आम्ही पाहिले नाही. पत्र लिहायचे झाले की तिला काम निघे. आजही ती सही उजव्या हाताने करते आणि अंगणात रांगोळी घालते ती डाव्या हाताने; आणि तिच्या रांगोळीची रेघ केसासारखी बारीक व निष्कंप असते. ती रेघ आम्ही दर दिवाळीला पाहतो. बांधलेला हात काय करू शकला असता, ते आमच्या दारात काढलेले असते.

सास्तूरच्या पोराला शाबासकी आणि आपल्या लेकीला उपरणे, हा दुजाभाव का केला, याचे उत्तर आम्ही बरीच वर्षे शास्त्रात शोधले. डाव्या हाताने देऊ-घेऊ नये, भोजन करू नये, नैवेद्य दाखवू नये, असे आचार आहेत आणि ते पाळावेत. परंतु डाव्या हाताने लिहू नये असे वचन आम्हांस धर्मशास्त्रात आढळले नाही. उलट जे आढळले ते दसऱ्याच्याच आख्यानात होते, आणि आम्ही ते शेकडो वेळा कीर्तनात सांगितलेले होते! विराटपर्वात पांडव आपली शस्त्रे शमीच्या झाडावर ठेवतात. अज्ञातवास संपताना अर्जुन उत्तरास ती खाली काढायला सांगतो. आपण शमीची पूजा करतो ती या कथेच्या आठवणीने. त्या झाडापाशीच उत्तर त्यास विचारतो की तू खरा अर्जुन असशील तर तुझी दहा नावे सांग. त्या दहांत एक नाव आहे सव्यसाची. सव्य म्हणजे डावा. गांडीव ओढताना माझे दोन्ही हात सारखेच चालतात, म्हणून लोक मला सव्यसाची म्हणतात, असा तो खुलासा करतो. पुढे कुरुक्षेत्रावर साक्षात भगवंतांनीही त्याला याच नावाने हाक मारली आहे. इतकी वर्षे आम्ही हे नाव टाळ्या घेण्यासाठी उच्चारले आणि आपल्या ओसरीवर त्याचा अर्थ कमरेशी बांधून ठेवला.

आणि आमची आई भवानी? ती अष्टभुजा आहे. तिच्या डाव्या हातांपैकी एकाने तिने त्या दैत्याची शेंडी धरली आहे. तो हात तिने पाठीमागे लपवलेला नाही.

यंदाचा पाट

दहा माणसांत सरासरी एक डावखुरे असते. तेव्हा हा लेख वाचणाऱ्या पुष्कळ घरांत आज पाटापुढे एखादे मूल डावा हात पुढे करील. काय करावे हे आता आम्ही अनुभवाने सांगू शकतो. तीन-चार वर्षांचे मूल कधी हा हात तर कधी तो वापरते. त्याला घाई करू नये. पेन्सिल दोन्ही हातांच्या मधोमध ठेवावी आणि ते कोणत्या हाताने उचलते ते पाहावे. एकदा हात ठरला की तो ठरला. नमस्कार, प्रसाद, दक्षिणा यांसाठी उजवा हात शिकवावा. मुले ते सहज शिकतात, त्यासाठी लेखणीवर घाव घालण्याचे कारण नाही.

डावखुऱ्या मुलाची खरी अडचण निराळी असते, आणि ती पाटीवर चटकन दिसते. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते. त्यामुळे त्याचा हात नुकत्याच लिहिलेल्या अक्षरावरून सरकतो आणि ते पुसून टाकतो. मूल पाहते तो अक्षर गायब! मोठी माणसे म्हणतात, बेशिस्त आहे. खरे तर पाटी थोडी डावीकडे ठेवावी, तिचा वरचा कडेचा भाग किंचित उजवीकडे कलता करावा आणि हात ओळीच्या खाली राहील असे पाहावे. दिवा किंवा खिडकी उजव्या बाजूस असावी, नाहीतर आपल्याच हाताची सावली अक्षरावर पडते. दोन मुले शेजारी बसवायची असतील तर याला डाव्या टोकाला बसवावे, म्हणजे कोपराला कोपर लागत नाही. शिरोरेघ तो कदाचित उजवीकडून डावीकडे ओढील. ओढू द्यावी, रेघ सरळ आली म्हणजे झाले. गिरवून घेताना त्याच्या मागे बसून हात धरण्यापेक्षा समोर बसावे आणि आपण उजव्या हाताने काढावे. त्याला ते आरशासारखे दिसते आणि सोपे जाते. ही शेवटची युक्ती अंगणवाडीच्या ताईंची. आमच्या संस्कृत पदवीत ती नव्हती.

काही अक्षरे तो उलटी काढील. उजव्या हाताची मुलेही या वयात काढतात, याने अधिक काढली तरी घाबरू नये. सहा-सात वर्षांपर्यंत ती बहुधा आपोआप सुलटी होतात.

आमचा नातू, त्याच कन्येचा मुलगा, यंदा पाच वर्षांचा झाला. तो डावखुरा आहे. ज्या दिवशी हे ध्यानात आले त्या दिवशी कन्येने आमच्याकडे पाहिले आणि काही बोलली नाही. जावईबापूंनी फोनवर विचारले की अण्णा, उजव्या हाताची सवय लावायची काय? तेव्हा मात्र ती पलीकडून म्हणाली, ‘अण्णांना विचारू नका, मी सांगते.’ आम्ही ते ऐकले. तिला तो अधिकार होता.

परवा नवरात्रात तो आजोळी आला. ज्वारीच्या परातीत त्याने आम्हांला एक काढून दाखवला. एक उलटा होता, डोके पलीकडे, शेपटी अलीकडे. आमचे बोट सवयीने पुढे झाले, आणि थांबले. मग आम्ही त्याला जुनी पाटी आणून त्यावर सरस्वती काढून दाखवली. सुलटा एक, त्याच्यासमोर उलटा एक. तो बराच वेळ पाहत राहिला आणि उलट्या एकावर बोट ठेवून म्हणाला, हा माझा.

त्यास आम्ही काय उत्तर देणार? साठ वर्षे ही आकृती आम्ही काढीत आलो, आणि तिच्यात उलटे एक आहेत हे आम्हांस ठाऊक असून दिसले नव्हते.

असो. आज दुपारी पाटीपूजन आहे. पाटी धुऊन ठेवली आहे, ज्वारी निवडून परातीत काढली आहे, हळद आणि गेरू वाटीत कालवला आहे. कन्या सकाळीच आली असून अंगणात रांगोळी घालीत आहे. पाट खिडकीच्या उजेडात, उजवी बाजू खिडकीकडे करून मांडण्यास आम्ही सांगितले आहे. उपरणे आज आम्ही खांद्यावर घेतलेले नाही. ते सीमोल्लंघनात कुंकवाने भरले म्हणून धुवायला टाकले आहे, असे घरात सांगितले आहे.